चेनसॉच्या सिलिंडरचे पोर्टिंग: आधी मापे, आणि बर फिरत असताना डोळ्याची जागा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. पावसाळ्याआधी ऐरोली-घणसोली भागातल्या सोसायट्यांमध्ये फांद्या छाटण्याची कामे तुम्ही घेता, तुमच्याकडे ५२ सीसीची, २० इंची बार (चेन ज्यावरून फिरते ती पट्टी) असलेली चेनसॉ आहे आणि पर्जन्यवृक्षाच्या जाड फांदीत ती दमते. काही व्हिडिओ पाहून तुम्ही सिलिंडरचे पोर्ट (मिश्रण आत येण्याची आणि जळालेला वायू बाहेर जाण्याची भिंतीतली भोके) मोठे करायचे, म्हणजे पोर्टिंग करायचे, ठरवले आहे, त्यासाठी छोटा ग्राइंडर आणि बरचा (त्यात बसणाऱ्या दातेरी कापणाऱ्या टोकांचा) संच मागवला आहे आणि हे काम घराच्या बाल्कनीत करणार आहात. ताकद किती वाढेल, एक्झॉस्ट पोर्ट, म्हणजे जळालेला वायू बाहेर सोडणारा पोर्ट, किती वर न्यावा आणि नंबरचा चष्मा असताना वेगळा गॉगल घ्यावा लागेल का, असे तुम्ही विचारले आहे.

मी ठाण्याच्या वागळे इस्टेटमध्ये एका गाळ्यात सव्वीस वर्षे दोन-स्ट्रोक इंजिनांची कामे करीत आहे. सुरुवात यामाहा आरएक्स १०० च्या सिलिंडरांनी झाली. ती गाडी १९९६ मध्ये बंद झाली तरी तिचे पोर्टिंग करून घेणारी मुले आजही येतात. चेनसॉ आणि गवत कापण्याची यंत्रे माझ्याकडे पुढे येऊ लागली. पोर्टिंगला माझा विरोध नाही, ते माझ्या आवडीचे काम आहे. मात्र तिसरा प्रश्न तुम्ही जाता जाता विचारलात आणि माझ्या उत्तरात सर्वांत जास्त जागा त्यालाच लागणार आहे, कारण चेनसॉच्या सिलिंडरची घडणच अशी आहे की त्यातून उडणारा प्रत्येक कण काम करणाऱ्याच्या तोंडाकडे येतो.

आधी मूळ तक्रारीकडे वळतो. चेनसॉ जाड लाकडात दमते, ही तक्रार झाली. पोर्ट लहान आहेत, हा तुम्ही काढलेला निष्कर्ष आहे. माझ्याकडे 'ताकद वाढवून द्या' म्हणून येणारी बरीच यंत्रे सिलिंडर न उघडताच परत जातात. चेनला धार असेल तर जाडसर सपाट तुकडे पडतात, ती बोथट असेल तर पीठ पडते. तुमच्या बुटांवर पीठ साचत असेल तर इंजिनाचा काही दोष नाही. या आकाराच्या यंत्रांवर बहुधा .३२५ पिचची चेन असते (पिच म्हणजे चेनच्या कड्यांमधले अंतर, इंचांत; तो बारवर कोरलेला असतो, वाचून खात्री करा), तिला ४.८ मिमीची गोल कानस लागते आणि दातापुढचा उंचवटा दाताच्या टोकापेक्षा साधारण ०.६५ मिमी खाली असावा लागतो. धार लावत गेल्यावर हा उंचवटा उतरवायला लोक विसरतात, मग दात टोकदार असूनही लाकडात शिरत नाही. शिवाय ५२ सीसीच्या इंजिनाला २० इंची बार पूर्ण बुडवून कापणे जड जाते. १६ इंची बार आणि नवी चेन लावून तीच फांदी कापून पाहा.

त्यानंतर सायलेन्सर उघडून पाहा. त्याच्या तोंडाशी ठिणग्या अडवणारी बारीक जाळी असते आणि जास्त तेल घातलेल्या पेट्रोलाने ती काजळीने बुजते. एक लिटर पेट्रोलात चांगल्या दर्जाचे दोन-स्ट्रोक तेल २० मिली, म्हणजे पन्नासास एक, पुरते. तेल साधे असेल तर ४० मिली घालावे. काँप्रेशन मोजा: निरोगी यंत्र साधारण १३० ते १६० पीएसआय दाखवते आणि आकडा ११० च्या खाली असेल तर रिंग आणि पिस्टन बदलल्याशिवाय पुढचे काहीही करण्यात अर्थ नाही. शेवटी इनटेक (मिश्रण आत घेणारा पोर्ट), एक्झॉस्ट आणि प्लगचे भोक बंद करून क्रँककेसमध्ये (पिस्टनखालच्या, क्रँक फिरतो त्या पेटीत) सुमारे ०.५ बार दाबाची हवा भरा आणि दाब टिकतो का ते पाहा. क्रँकचा सील गळत असेल तर इंजिन बाहेरची हवा ओढते, मिश्रणात पेट्रोल कमी पडते आणि पोर्टिंग केल्यावर असे इंजिन पहिल्याच आठवड्यात पिस्टन चिकटवून बसते.

एवढे सगळे ठीक असेल तरच पोर्टिंगचा विषय निघतो. ताकद किती वाढेल याचे एकच उत्तर देता येत नाही, कारण ते इंजिनाच्या जातीवर अवलंबून असते. धूर कमी करण्यासाठी ट्रान्सफरच्या (क्रँककेसमधले मिश्रण सिलिंडरमध्ये नेणाऱ्या पोर्टच्या) आधी शुद्ध हवेचा थर सोडणाऱ्या नव्या इंजिनांत पिस्टनलाच खिडक्या असतात, तिथे जुने आडाखे चालत नाहीत. काही स्वस्त यंत्रांत सिलिंडर आणि क्रँककेसचा वरचा अर्धा भाग एकाच ओतकामात असतो, तिथे सिलिंडरखाली पॅकिंगच नसते. माझी मोजण्याची पद्धत साधी आहे: एकच ओंडका, एकच चेन, बारवर जोर न देता केवळ यंत्राच्या वजनाने काप आणि मोबाइलच्या घड्याळावर वेळ. तुमच्यासारख्याच एका ५२ सीसीच्या यंत्राला गुलमोहराच्या ओंडक्यात २२ सेकंद लागत होते. सायलेन्सरचे तोंड मोठे करून कार्बोरेटरचे सेटिंग पुन्हा जुळवल्यावर १९ लागले आणि पोर्टिंग झाल्यावर १७. निम्म्याहून अधिक फायदा सिलिंडरला हात न लावता मिळाला होता. उरलेल्या फायद्यासाठी पेट्रोल जास्त लागू लागले, इंजिन अधिक तापू लागले आणि कमी फेऱ्यांवरची ओढ किंचित घटली. मे महिन्याच्या उन्हात दिवसभर भाड्याच्या कामावर चालणाऱ्या यंत्राला हा सौदा परवडतो का, हे तुम्ही ठरवायचे आहे. माझे मत विचाराल तर कामाचे यंत्र सायलेन्सरपाशीच थांबवावे आणि पोर्टिंग शिकायचे असेल तर एक सुटा सिलिंडर विकत आणून त्यावर शिकावे. नागदेवी परिसरातल्या दुकानांत शोधल्यास या यंत्रांचे सिलिंडर-पिस्टन थोडक्या पैशांत मिळतात.

आता एक्झॉस्ट पोर्ट किती वर न्यायचा ते पाहू. याचे उत्तर मिलिमीटरमध्ये देणाऱ्यावर विश्वास ठेवू नका, कारण हे माप क्रँकच्या अंशांत असते. क्रँकच्या टोकाला अंशांची तबकडी लावा, पिस्टन सर्वांत वर असताना शून्य धरा आणि पिस्टनची वरची कड एक्झॉस्ट पोर्टच्या वरच्या कडेखाली उतरून प्रकाशाची पहिली रेघ दिसते तो अंश टिपा. समजा तो १०२ आला. १८० मधून १०२ वजा करून दुप्पट केले की १५६ येतात, म्हणजे एका फेरीतले १५६ अंश एक्झॉस्ट उघडा असतो. ट्रान्सफर पोर्ट १२१ अंशांवर उघडत असेल तर मधल्या १९ अंशांत जळालेला वायू आपल्याच दाबाने बाहेर पडतो आणि नवे मिश्रण येईपर्यंत सिलिंडरमधला दाब उतरतो. कामाच्या चेनसॉमध्ये हे मधले अंतर १८ ते २२ अंशांच्या दरम्यान राहावे, असे मी पाहतो. सुमारे ३४ मिमी स्ट्रोकच्या (पिस्टनच्या वर-खाली धावेच्या) इंजिनात एक्झॉस्टची कड एक मिलिमीटर वर नेली की साधारण साडेतीन अंश बदलतात. बाल्कनीत हातात धरलेला बर एक मिलिमीटर किती पटकन खातो, ते पहिल्याच दिवशी कळते.

त्याच्याही आधी पिस्टनच्या डोक्यापासून सिलिंडरच्या छतापर्यंतचे कडेचे अंतर मोजा. प्लगच्या भोकातून दीड मिलिमीटरची डाखाची मऊ तार आत घालून ती गजनपिनच्या (पिस्टन कनेक्टिंग रॉडला जोडणाऱ्या पिनच्या) रेषेत भिंतीपर्यंत न्या, क्रँक हाताने एकदा फिरवून तार चेपवा आणि चेपलेले टोक मायक्रोमीटरने मोजा. तार पिनच्या रेषेतच ठेवावी, कारण दुसऱ्या बाजूंना पिस्टन कलतो आणि माप खोटे येते. दोन्ही बाजूंना मोजा. हे अंतर ०.५ मिमीपेक्षा कमी होऊ देऊ नये, हा नियम मी मोडत नाही. पुष्कळ यंत्रांत ते ०.८ ते १ मिमी मिळते आणि सिलिंडरखालचे पॅकिंग पातळ करून खाली आणता येते. अंतर ०.९ आणि पॅकिंग ०.५ चे असेल तर पॅकिंग पूर्ण काढल्यावर ०.४ उरेल, ते चालणार नाही, म्हणून ०.१ ते ०.२ मिमीचे पातळ पॅकिंग कापून लावावे. सिलिंडर असा खाली बसला की काँप्रेशन वाढते, पण एक्झॉस्ट आणि ट्रान्सफर उशिरा उघडू लागतात आणि इनटेक लवकर. म्हणून पहिल्या खेपेला सिलिंडर जेवढा खाली आला तेवढाच एक्झॉस्ट वर न्यावा, म्हणजे तो मूळच्या अंशावर परत येतो. तुमच्या प्रश्नाला माझे हेच उत्तर आहे. त्यापुढे जायचे असेल तर उंचीला हात न लावता रुंदी वाढवा.

रुंदीलाही मर्यादा आहे. बोअरच्या, म्हणजे सिलिंडरच्या आतल्या व्यासाच्या, ६५ टक्क्यांपुढे मी जात नाही. ४५ मिमीच्या बोअरला ती २९ मिमी होते. पोर्ट त्याहून रुंद झाला की रिंग त्यात फुगते आणि कडेला अडकून तुटते. पिस्टनच्या स्कर्टने (रिंगखालच्या भिंतीने) पोर्ट झाकून दोन्ही बाजूंना शिवाय किमान दोन मिलिमीटर उरले पाहिजेत. पिस्टन सर्वांत वर असताना स्कर्टची खालची कड एक्झॉस्ट पोर्टच्या खालच्या कडेवर जाता कामा नये, नाहीतर क्रँककेसमधले मिश्रण थेट सायलेन्सरमध्ये निघून जाते. रिंगची टोके ज्या खुंटीपाशी येतात ती कोणत्या पोर्टजवळून जाते, तेही पिस्टन घालून पाहा आणि त्या बाजूला एक केसभरही रुंदी वाढवू नका. पोर्टचा माथा कमानीसारखा गोल ठेवा, सरळ छाटू नका. ट्रान्सफरच्या बोगद्यांना पहिल्या सिलिंडरवर हात लावू नका. त्यांची दिशा बिघडली की नवे मिश्रण सरळ एक्झॉस्टमधून निघून जाते आणि ते दुरुस्त करता येत नाही.

सिलिंडर ॲल्युमिनियमचा असला तरी आतल्या भिंतीवर निकेल आणि सिलिकॉन कार्बाइडचा किंवा क्रोमचा थर असतो. तो कागदाइतका पातळ, काचेसारखा कडक आणि तितकाच ठिसूळ असतो. कड कापताना बर थराला ॲल्युमिनियमकडे दाबत गेला पाहिजे, भिंतीपासून उचलत नव्हे. उचलला तर पापुद्रा सुटतो आणि तो दिसत नसला तरी दोन तासांच्या कामात सोलत जातो. थराच्या कडेसाठी हिऱ्याचा बर आणि आतल्या ॲल्युमिनियमसाठी मोठ्या दातांचा कार्बाइड बर वापरा. बारीक दातांचा बर ॲल्युमिनियमने भरून जातो, म्हणून मी बरला अधूनमधून मेणबत्ती घासतो. शेवटी पोर्टच्या कडेला ०.३ ते ०.५ मिमीचा उतार देऊन ती बोटाला लागणार नाही अशी करावी.

आता डोळ्यांविषयी. आरएक्स १०० च्या सिलिंडरचे हेड वेगळे निघते, त्यामुळे ती दोन्ही बाजूंनी उघडी नळी असते. एका बाजूने बर घातला तर बराचसा कीस दुसऱ्या बाजूने पडतो. चेनसॉच्या सिलिंडरचे हेड त्याच्याच ओतकामात असते. तो तळ असलेला पेला आहे. बर, प्रकाश आणि तुमची नजर एकाच तोंडातून आत जातात आणि कीसही बहुतेक त्याच तोंडातून बाहेर येतो. तुम्ही जितके नीट पाहायचा प्रयत्न कराल तितका डोळा त्या वाटेच्या अधिक जवळ येतो. ६ मिमी डोक्याचा बर मिनिटाला २५,००० फेऱ्यांनी फिरला तर त्याच्या कडेचा वेग सेकंदाला सुमारे ८ मीटर होतो. वीस सेंटिमीटरवरच्या डोळ्यापर्यंत यायला कणाला सेकंदाचा चाळिसावा भाग पुरतो, आणि पापणी मिटायला सेकंदाचा दहावा भाग लागतो. 'काही उडाले तर डोळा मिटेन' हा भरवसा म्हणून निरुपयोगी आहे.

यावर मी माझ्या गाळ्यात एकच शिस्त ठेवली आहे: बर फिरत असताना आत डोकावायचे नाही आणि डोकावताना बर थांबलेला असला पाहिजे. हे जमण्यासाठी मापे आधी झालेली असावी लागतात. पोर्टभोवती मार्करने रंग लावून त्यावर टोकदार सुईने नवी कड कोरून घेतली की बर दोन-तीन सेकंद फिरवायचा, थांबवायचा, व्हॅक्यूम क्लीनरची नळी तोंडाशी धरून कीस ओढायचा आणि मग टॉर्च घालून रेघ किती उरली ते पाहायचे. ज्याने मापे घेतलेली नसतात तो अंदाजाने कापतो, आणि अंदाजाने कापणाऱ्याला सतत जवळून पाहत राहावे लागते. सिलिंडर पोर्टिंगच्या नादात बिघडतो आणि डोळ्यात कण जातो, या दोन्हींचे कारण मला नेहमी हेच आढळले आहे.

तुमच्या चष्म्याविषयी स्पष्ट लिहितो: नंबरचा साधा चष्मा संरक्षणात धरू नका. त्याच्या काचा आघातासाठी तपासलेल्या नसतात, आणि वरून, खालून व कानशिलाच्या बाजूने बोटभर फट असते. सिलिंडरच्या भिंतीवरून उसळलेला कण सरळ येतोच असे नाही. तो गालावर आपटून खालून चष्म्यात शिरतो आणि काचेच्या आतल्या बाजूवरून डोळ्यात परततो. चष्म्यावरून बसणारा, चारही बाजूंनी चेहऱ्याला चिकटणारा पॉलिकार्बोनेटचा गॉगल घ्या. त्यावर आयएस ५९८३, एएनएसआय झेड८७.१ किंवा ईएन १६६ यांपैकी एखादे मानक छापलेले असते. ईएन १६६ मध्ये काचेवर एफ असेल तर ती सेकंदाला ४५ मीटर वेगाच्या छोट्या पोलादी गोळीची चाचणी उतरलेली असते आणि बी असेल तर १२० मीटरची. किसासाठी एफ पुरते. पण कार्बाइड बरचे डोके तुटू शकते, म्हणून मी बी घेतो. लांब दांड्याचा बर सिलिंडरच्या बाहेर मोकळ्या हवेत पूर्ण वेगाने कधीही सुरू करू नका. दांडा वाकतो आणि तुटून कोणत्या दिशेला जाईल ते सांगता येत नाही. आत टेकवून कमी वेगात सुरू करा आणि थांबल्यावरच बाहेर काढा.

पूर्ण चेहरा झाकणारी पारदर्शक ढाल गॉगलवरून लावावी. गॉगलऐवजी नव्हे, कारण ती खालून उघडी असते. चेनसॉच्या हेल्मेटला जी जाळी असते ती तर या कामात अजिबात चालणार नाही. ती लाकडाच्या तुकड्यांसाठी आहे आणि पोर्टिंगचा कीस तिच्या भोकांतून सहज जातो. डोक्याला बांधायचे भिंग हेदेखील संरक्षण नव्हे. चाळिशीनंतर जवळचे दिसत नाही म्हणून माणूस आणखी वाकतो. तुमचा तसा नंबर असेल तर जवळच्या नंबरचा सुरक्षा चष्मा करून घेणे हे बरच्या महागड्या संचापेक्षा अधिक उपयोगी आहे.

आपल्याकडची अडचण वेगळीच आहे. नवी मुंबईच्या दमट हवेत मास्क आणि गॉगल एकत्र लावले की पाच मिनिटांत काच धुरकटते आणि माणूस गॉगल कपाळावर सरकवतो. मास्क टाळता येणार नाही, कारण सिलिकॉन कार्बाइडची धूळ फुप्फुसात नको. म्हणून नाकावर घट्ट दाबून बसणारी तार असलेला एन९५ मास्क घ्या, म्हणजे श्वास वरच्या बाजूने गॉगलमध्ये जाणार नाही, आणि गॉगल आडून हवा खेळणारा पण सरळ भोके नसलेला, धुके न धरणाऱ्या लेपाचा निवडा. काच पेट्रोल, थिनर किंवा ॲसिटोनने पुसू नका; पॉलिकार्बोनेटमध्ये त्याने बारीक तडे जातात आणि वरून ठीक दिसणारी काच आघाताला टिकत नाही. साबणाचे पाणी पुरते. बाल्कनीचा विचार मात्र सोडा. वाऱ्याने कीस तुमच्याच अंगावर किंवा खालच्या घरात जाईल, घरातली मुले पाठीमागे येऊन उभी राहतील, आणि पेट्रोलची टाकी ब्रश असलेल्या मोटारीपासून दूर ठेवायला तिथे जागा नसते. रबाळे किंवा तुर्भे एमआयडीसीत ओळखीच्या कोणाचा गाळा असेल तर एक रविवार मागून घ्या.

माझ्या स्वतःच्या डोळ्याची गोष्ट सांगतो, कारण ती गॉगल न घातल्यामुळे घडलेली नाही. एका जुलैमध्ये मी सिलिंडर पकडण्यासाठी लोखंडी पट्टी चार इंची ग्राइंडरने कापत होतो आणि गॉगल घातलेला होता. काम संपल्यावर तो कपाळावर ढकलला आणि मनगटाने घाम पुसला. भुवईत अडकलेला कण त्या घामाबरोबर डाव्या डोळ्यात उतरला. शेजारच्या गाळ्यातला कारागीर काडीला कापूस गुंडाळून लगेच पुढे आला. आमच्या भागात प्रत्येक गल्लीत असा 'कचरा काढणारा' एक माणूस असतोच आणि त्याचा हेतू चांगलाच असतो. मी त्याला थांबवले, पण डोळा धुऊन घरी जाऊन झोपलो, ही माझी चूक झाली. सकाळी उजेडाकडे पाहवेना आणि प्रत्येक उघडझापीला वाळू घासल्यासारखे होत होते. नेत्रतज्ज्ञांनी बधिर करणारे थेंब घातले, पिवळा रंग सोडून निळ्या उजेडात तपासले आणि सांगितले की कण लोखंडाचा आहे आणि एका रात्रीत त्याच्याभोवती गंजाचे कडे तयार झाले आहे. कण सुईच्या टोकाने निघाला. कडे काढण्यासाठी त्यांनी एक बारीक फिरता बर घेतला. हनुवटी टेकवून, श्वास रोखून मी समोर पाहत होतो आणि तो बर धूसर होत डोळ्याच्या इतका जवळ आला की दिसेनासा झाला. माझी नजर वाचली. तेव्हापासून मी गॉगल काढण्याआधी डोळे मिटून, मान खाली घालून कपाळ आणि भुवया ओल्या फडक्याने पुसतो, आणि गाळ्यात कोणालाही दाबाच्या हवेने कपडे किंवा सिलिंडर झटकू देत नाही. बर बंद झाल्यावरच्या पहिल्या दोन मिनिटांत माणूस सर्वांत जास्त बेफिकीर असतो.

तुमच्या डोळ्यात काही गेलेच तर चोळू नका. वरवरचा कण असेल तर स्वच्छ पाण्याने धुवा आणि तासाभरात खुपणे थांबले नाही तर त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांकडे जा. बर तुटून किंवा जोराने काही आदळून दिसणे कमी झाले, बाहुलीचा आकार बदललेला दिसला किंवा डोळ्यातून पाणी अथवा रक्त वाहू लागले तर धुऊ नका, दाबू नका, मलम घालू नका. कागदी पेल्याचा तळ डोळ्यावर न टेकवता झाकण म्हणून चिकटवा आणि थेट रुग्णालयात जा. आदळलेला धातू कोणता होता ते डॉक्टरांना सांगा, कारण डोळ्यात लोखंड असण्याची शंका असेल तर एमआरआय करता येत नाही. चुंबकाने कण ओढण्याचा घरगुती उपाय ॲल्युमिनियमवर चालत नाही आणि लोखंडावर तो करू नये. पेट्रोल किंवा केरोसीन उडाले तर मात्र वाहत्या पाण्याखाली पंधरा-वीस मिनिटे डोळा उघडा धरावा.

शेवटचा टप्पा जुळणीचा. सिलिंडर गरम साबणाच्या पाण्याने आणि ब्रशने धुवा, ट्रान्सफरच्या बोगद्यांत अडकलेला कीस काढा, वाळवून लगेच तेल लावा. जास्त हवा जाऊ लागलेल्या इंजिनाला जास्त पेट्रोल लागते, आणि आता पंपावर मिळणाऱ्या ई२० पेट्रोलामुळे त्याच सेटिंगवर मिश्रणात पेट्रोल आधीच कमी पडते. म्हणून एचचा स्क्रू (कार्बोरेटरवरचा, जास्त फेऱ्यांवर पेट्रोल किती जाते ते ठरवणारा) आधी नेहमीपेक्षा जास्त उघडा. फेऱ्या मोजणारे यंत्र लावून पूर्ण थ्रॉटलवर ऐका: लाकडाबाहेर इंजिन अडखळल्यासारखा भरडा आवाज करत असेल आणि लाकडात बार टेकताच तो आवाज स्वच्छ होत असेल, तर सेटिंग बरोबर आहे. लाकडाबाहेरही तो चढत चढत शिट्टीसारखा झाला तर लगेच थ्रॉटल सोडा. ई२० ओलावा ओढते, तेव्हा तेल मिसळलेले पेट्रोल पावसाळ्यात महिनाभर डब्यात ठेवू नका.

सिलिंडर काढण्याआधी मला पाच आकडे कळवा: काँप्रेशन, डाखाच्या तारेची दोन्ही बाजूंची मापे, आणि एक्झॉस्ट व ट्रान्सफर उघडण्याचे अंश. चेनचा पिच आणि शेवटची धार कधी लावली तेही लिहा. ते पाहिल्यावर पॅकिंग किती जाडीचे कापायचे आणि पोर्टची रेघ कुठे कोरायची ते मी सांगेन.